वॉटर पार्कची सहल : आजीला सांगूनच निघावे

मे महिन्याची सुट्टी लागली की घरोघरी मुलांची एकच मागणी असते : वॉटर पार्क. खोपोलीजवळील इमॅजिकाचे वॉटर पार्क मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतील कुटुंबांना एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे, त्यामुळे ही मागणी टाळणेही कठीण.

मात्र आपल्या घरांत या सहलीपुढे एक प्रश्न उभा राहतो, जो शेजाऱ्यांच्या घरी नसतो. पाणी हे आपल्या दृष्टीने केवळ साधन नव्हे, ते अप्काय जीवांचे शरीर आहे. जी आजी गळणे बांधल्यावाचून घागर भरत नाही आणि जीवाणी आठवणीने मूळ पाण्यात परत सोडते, तिला नातवंडे दिवसभर पाण्यात डुंबणार हे ऐकून वाईट वाटणे स्वाभाविक आहे. चौदा नियम धारण करणाऱ्यांना तर स्नानाचीही मर्यादा असते. पुष्कळ घरांत यावर सोपा तोडगा काढला जातो : ‘लोणावळ्याला जाऊन येतो’ असे आजीला सांगायचे आणि गाडी काढायची. मला हा मार्ग सर्वांत वाईट वाटतो. पाण्यात उतरण्यापूर्वीच मुले घरात लपवाछपवी शिकतात, आणि तीही आईवडिलांच्या संमतीने.

त्यापेक्षा विषय आजी-आजोबांपुढे उघड मांडावा. वर्षातून एकदाच, चातुर्मास सोडून, अष्टमी-चतुर्दशी टाळून जाऊ, अशी मर्यादा मुलांच्याच तोंडून येऊ द्यावी. तेथील तलावांचे पाणी रोज सोडून दिले जात नाही. ते गाळून, क्लोरीन घालून पुन्हा पुन्हा फिरवले जाते, हेही सांगावे. याने आजीची हरकत पूर्णपणे मिटणार नाही, मिटावी असा आग्रहही धरू नये. ती नकार देईल किंवा ‘तुम्ही जा, मी सामायिक करीन’ म्हणेल. दोन्ही उत्तरे आदराने घ्यावीत.

आता खाण्याकडे वळू, कारण आपल्या सहली बहुधा तेथेच अडतात. बहुतेक वॉटर पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ प्रवेशद्वारावरच अडवतात. आधी दूरध्वनी करून दोन गोष्टी विचाराव्यात : कांदा, लसूण, बटाटा यांविना जेवण मिळते काय, आणि उकळलेले पाणी पिणाऱ्यांस थर्मास आत नेता येईल काय. नुसते ‘जैन फूड आहे का’ असे विचारल्यास ‘आहे’ असेच उत्तर येते. कंदमुळांची नावे घेऊन विचारावे. डबे गाडीत ठेवणार असाल तर बाहेर जाऊन पुन्हा आत येता येते का, हेही विचारून घ्यावे. ठेपले, खाकरे, कोरडी चटणी मेच्या उकाड्यातही टिकतात. दही-ताकाचे पदार्थ गाडीत ठेवू नयेत.

वेळेचा हिशेब सूर्यावरून करावा. पुण्याकडे मेमध्ये सूर्यास्त साधारण सातच्या सुमारास होतो, डिसेंबरात मात्र सहाच्या आसपास. चौविहार पाळणारे सोबत असतील तर मे महिना सोयीचा. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते; ती घरीच पारून निघावे. परतताना ‘घाट चढल्यावर जेवू’ असे म्हणू नये. घाटातील वाहतुकीचा भरवसा नाही. साडेपाचला पाण्यातून बाहेर पडून तेथेच वाळूचे डबे उरकावेत.

खर्चाविषयी थोडे, कारण आयुष्य खातेवह्यांत गेले. वॉटर पार्कच्या तिकिटावरील जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरीही चौदा जणांच्या कुटुंबाला तो जाणवतोच, आणि मग ‘पावती दुकानाच्या नावाने घेऊ’ अशी सूचना कोणीतरी करतो. कुटुंबाच्या वैयक्तिक उपभोगावरील कराची वजावट कायद्याने मिळत नाही. हा खर्च घरखर्चातच लिहावा. ज्यांच्या पेठेची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, त्यांनी त्याच दिवशी जावे. गर्दी कमी असते आणि अनेक ठिकाणी दरही कमी असतो.

पाण्यात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने अंग धुण्याचा नियम मुलांकडून पाळून घ्यावा. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः क्लोरीन घामाशी व मूत्राशी मिसळून तयार होणाऱ्या द्रव्यांमुळे. मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते. ती घरीच पाहून ठेवली तर रांगेत रडारड होत नाही. लाटांच्या तलावात जीवरक्षक असला तरी दर दोन लहान मुलांमागे घरचा एक मोठा माणूस पाण्यातच उभा असावा, काठावर मोबाईल घेऊन नव्हे.

राहिली सामानाची राखण. ती बहुधा थोरल्या सुनेकडे जाते. साडी नेसून पाण्यात उतरता येत नाही, नायलॉनचे कपडे घालायला सासऱ्यांसमोर संकोच वाटतो. मग ती दिवसभर पिशव्यांपाशी बसते आणि संध्याकाळी ओले कपडेही तीच पिळते. लॉकरचे भाडे एका जणाच्या तिकिटापेक्षा पुष्कळ कमी असते. ते भरावे, आणि पूर्ण अंगभर असा पोहण्याचा पोशाख तिच्यासाठी आधीच आणून ठेवावा. उतरायचे की नाही, हे मग तिला ठरवू द्यावे.