पानझडी वनप्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष : गडचिरोलीतील जीवाश्मांचे शैक्षणिक महत्त्व

प्रस्तावना

पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिकांत 'सदाहरित' व 'सूचिपर्णी' या संज्ञा अनेकदा समानार्थी म्हणून आढळतात. हा भेद स्पष्ट करणारे साहित्य आपल्याच परिसरात उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

संज्ञाभेद

'सदाहरित' ही संज्ञा पर्णगळतीशी निगडित आहे. अशा वृक्षाची पाने गळतात. मात्र तो एकाच वेळी निष्पर्ण होत नाही. 'सूचिपर्णी' ही संज्ञा प्रामुख्याने शंकूत बीज धारण करणाऱ्या अनावृतबीजी वृक्षांची आहे. म्हणून ओढ्याकाठचे जांभूळ सदाहरित असूनही सूचिपर्णी नव्हे. उलट पूर्व हिमालयातील लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात निष्पर्ण होतो.

चंद्रपूर व गडचिरोली येथील साग, ऐन, मोह यांची वने पानझडी आहेत. तेथे आज सूचिपर्णी वृक्ष नैसर्गिकरीत्या वाढत नाहीत. परंतु ते कधीच नव्हते, असे नाही.

जीवाश्मांची साक्ष

सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे अश्मीभूत वृक्षकाष्ठ आढळते. हा भाग प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील 'कोटा' शैलसमूहाचा असून त्याचे नाव याच तालुक्यातील कोटा गावावरून पडले आहे. ज्युरासिक कालखंडातील, म्हणजे सुमारे 20 ते 14.5 कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील, या शैलसमूहातून अराउकारिया व पोडोकार्पस यांच्या कुलांशी साम्य असणारी काष्ठे नोंदली गेली आहेत. भारत तेव्हा गोंडवन भूखंडाचा भाग होता. गाळात गाडल्या गेलेल्या खोडांत पाण्यातील सिलिका झिरपली आणि पेशीरचना दगडात टिकून राहिली.

सागाच्या आडव्या छेदात मोठ्या जलवाहिन्यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सूचिपर्णी काष्ठात त्या नसतात. अरुंद, जवळजवळ एकसारख्या पेशींच्या रांगा असतात. ही तुलना पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा अधिक बोलकी ठरते.

निष्कर्ष

आलापल्लीच्या जुन्या सागवनास 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या सागाच्या जागी नवा साग लावता येतो; उचलून नेलेल्या जीवाश्माच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. मूळ स्थान व थर यांची नोंद नसलेला नमुना संग्रहालयाच्या कपाटात केवळ शोभेचा दगड उरतो. म्हणून अभ्यास सहलीत नमुने गोळा करण्याची प्रथा बंद करून, वनविभागाच्या परवानगीने जागेवरच निरीक्षण, रेखाटन व छायाचित्रण करावे. महाविद्यालयांकडे असलेल्या नमुन्यांच्या स्थाननोंदी, माहीतगार अध्यापक निवृत्त होण्यापूर्वीच, पूर्ण कराव्यात.