जुन्या जीन्सचे पोटरी-पट्टे : आपल्या पायांसाठी आपणच शिवू या



तेंदूपत्त्याला निघताना आपण काय घालतो? खोचलेली साडी, वरून घरच्या माणसाचा जुना शर्ट, डोक्याला दुपट्टा आणि पायात पातळ चप्पल. म्हणजे डोकं झाकलं, हात झाकले, टोंगळ्याखाली मात्र सगळं उघडं. आणि काटा, बांबूचा खुंट, साप हे तर तिथंच भेटतात. शर्ट घालायचं कुणी शिकवलं होतं? हात खरचटले, म्हणून आपणच ते शोधलं. तसंच आता पायांचं करू या.

घरातली फाटकी जीन्स घ्या. २००९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. पाणी भरलेल्या रबरी हातमोज्यांवर विषारी सापांना दंश करू दिला. ज्या मोज्यांवर जीन्सचं कापड होतं, त्यांत निम्म्याहून कमी विष शिरलं.

पट्टा असा करा :

१. घोट्यापासून टोंगळ्याखाली चार बोटांपर्यंत उंची मोजा. पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजून त्यात चार बोटं वाढवा.
२. कापड दुहेरी घ्या. खाली पावलावर येईल अशी जीभ ठेवा.
३. तीन नाड्या लावा. गाठ बाहेरच्या बाजूला घ्या, नाहीतर चालताना दोन्ही पाय एकमेकांत अडकतात.
४. तळव्याखालून एक पट्टी घ्या, म्हणजे पट्टा वर सरकत नाही.
५. सैलच बांधा. बसून, उठून, वाकून बघा. जिथं टोचलं, तिथं बदल करा.

चपलेऐवजी बंद बूट बरा. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा पेपरवर उभं राहून दोन्ही पावलं आखा आणि तो कागद दुकानात घेऊन जा. घालण्याआधी बूट झटका, आत विंचू असू शकतो. बुटाचा आणखी एक फायदा आहे. हुकवर्मची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरते, आतड्यात रक्त पिते आणि आपलं हिमोग्लोबिन घटतं.

पण पट्टा म्हणजे कवच नव्हे. साप चावलाच तर पाय हलवू नका, दोरी आवळू नका, झाडफुकीत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, सरळ दवाखाना गाठा.

शेजारच्या छत्तीसगडात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना पादत्राणं देणारी 'चरण पादुका' योजना सरकारने चालवली. आपल्याकडे मेंढा-लेखाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, मग कितीतरी गावांना मिळाला. तेंदूपत्त्याचा पैसा जिथं ग्रामसभेत येतो, तिथं बायांच्या बुटांचा विषय ठरावात घ्या. मागायला लाजू नका, पत्ता आपणच तोडतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक जुनी जीन्स आणा. मशीन असलेल्या ताईच्या अंगणात बसू. मोहफुलं पडायच्या आत पहिली जोडी पायात हवी.