मेटलमधला दशावतार : वऱ्हाडातून ऐकताना

मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा 'दशावतार' नावाचा अल्बम प्रकाशित झाला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा गाणी. गाण्यांची भाषा इंग्रजी, आणि बँडच्या नावाचा अर्थ 'दैत्याचे पुनरुत्थान' असा काहीसा. मूर्तिशास्त्र आणि लोकपरंपरा हे माझ्या आवडीचे विषय, त्यामुळे या अल्बमपर्यंत मी नावामुळे पोचलो, संगीतामुळे नव्हे. अमरावतीच्या एका तरुण मित्राने तो ऐकवला तेव्हा त्याची अपेक्षा होती की काका पहिल्या मिनिटातच हेडफोन काढतील. तसे झाले नाही. मात्र पुढे जे अडले ते त्यालाही अपेक्षित नव्हते आणि मलाही.

पहिल्या ऐकण्यात कानावर येतो तो प्रचंड आवाज. पण आवाजाची तक्रार अकोल्याच्या माणसाने करू नये. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी येतात, तेव्हा शहरात ढोलांचा जो दणका असतो तो नुसता ऐकायचा नसतो, छातीत झेलायचा असतो. मेटलचेही तेच आहे. दणका एकदा अंगवळणी पडला की आतली रचना दिसू लागते.

ही रचना कुठून आली ते थोडक्यात सांगायला हवे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात 'ब्लॅक सॅबथ' हा बँड उभा राहिला आणि त्याचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांना प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि स्वर खाली, जड झाला. मेटलचा जडपणा असा एका कामगाराच्या दुखापतीशी जोडलेला आहे. त्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात जे स्वरांतर वारंवार येते ते आपल्या भाषेत षड्ज ते तीव्र मध्यम. युरोपच्या कानाला त्यात अशुभाची चाहूल लागते. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनमध्ये आहे आणि संध्याकाळी दिवेलागणीला शांत वाटतो. यमनमध्ये त्याच्याकडे निषाद, रिषभ, गंधार असे चढत जातो, तर मेटलमध्ये षड्जावरून थेट उडी असते, हा फरक आहेच. तरीही भीती स्वरात असते की सवयीत, हा प्रश्न उरतो.

दुसरी अडचण गळ्याची. गुरगुरल्यासारख्या त्या गायनाला 'ग्राउल' म्हणतात. स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. एरवी त्या गप्प असतात. ग्राउल करताना त्यांनाही कंप दिला जातो. मध्य आशियातल्या तुवा प्रांतातले मेंढपाळ खर्जातले कंठगायन करतात त्यातही याच घड्या कामाला येतात. म्हणजे हे ओरडणे नाही, त्यालाही रियाज लागतो. ड्रमवर दोन्ही पायांनी जो अखंड गडगडाट चालतो, त्याचे मर्म वऱ्हाडात समजावणे सोपे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी प्रत्यक्ष किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकली असेल त्यांना ठाऊक आहे की एका विशिष्ट लयीनंतर सुटे आघात ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग धार होते.

'प्रोग्रेसिव्ह मेटल' ही त्यापुढची पायरी. १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला 'ड्रीम थिएटर' हा या शाखेचा सर्वांत नावाजलेला बँड. लांब रचना, मध्येच बदलणारी लय, पाच-सात-नऊ अशा विषम मात्रा आणि सगळ्या अल्बमभर चालणारे एकच कथासूत्र ही तिची लक्षणे. सात मात्रा मोजताना पाश्चात्त्य श्रोता चाचपडतो. भावगीतातून रूपक मुरलेल्या मराठी कानाला त्यात फारसे नवल नाही. जाणकार 'डेमॉनिक रिझरेक्शन'ला सिम्फनिक डेथ मेटलच्या खणात ठेवतात, आणि खणांबद्दल ही मंडळी आपल्या घराण्यांच्या अभिमान्यांइतकीच कडवी असतात. पण दहा भागांचे एकच आख्यान ही 'दशावतार'ची आखणी प्रोग्रेसिव्ह परंपरेतलीच आहे. साहिल मखिजा यांनी २००० साली मुंबईत हा बँड उभा केला. २०१० मध्ये लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०१४ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात ते वाजवून आले. त्यांचे आधीचे अल्बम अंधार, दैत्य यांच्या स्वतः रचलेल्या कथांवर होते. 'दशावतार'मध्ये ते पहिल्यांदा इथल्या पुराणाकडे वळले.

इथवर माझे काही अडले नाही. अडले ते यादीपाशी.

दहा अवतारांची यादी आपण घरातली वस्तू समजतो. मंदिरांत, पंचांगांत, विष्णुमूर्तींच्या प्रभावळीत ती इतकी दिसते की ती एकच आणि ठरलेली आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती प्रवाही आहे. बाराव्या शतकात जयदेवाने 'गीतगोविंदा'त दहा अवतार गायले त्यात कृष्ण नाही. आठव्या जागी हलधर बलराम आहे, कारण जयदेवासाठी हे दहाही अवतार घेणारा मूळ पुरुषच कृष्ण. अल्बममध्ये परशुराम, राम यांच्यानंतर आठवा कृष्ण आणि नववा बुद्ध आहे. आज सर्वत्र छापली जाते तीच ही यादी. बँडने ती तयार उचलली असावी असे मला वाटते आणि त्यात गैर काही नाही. पण ती वऱ्हाडात ऐकली की आठव्या आणि नवव्या जागी ठेच लागते.

आठव्याचे आधी. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. कृष्णाने तिचे हरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून केले अशी इथली श्रद्धा. म्हणजे कृष्ण हा आमचा जावई. त्याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, गोविंदप्रभूंचे स्थान, महानुभावांची काशी. महानुभाव तत्त्वज्ञानात श्रीकृष्ण हा विष्णूचा आठवा अवतार नाही. विष्णू त्यांच्या लेखी एक देवता. कृष्ण हा देवतांपलीकडच्या परमेश्वराचा अवतार, पंचकृष्णांतला एक. रिद्धपूरच्या माणसाला 'आठवे गाणे कृष्णाचे' असे सांगितले तर तो भांडणार नाही, पण मोजणी त्याला मान्य होणार नाही.

नवव्या जागी प्रकरण अधिक गंभीर आहे. अल्बमच्या शीर्षकात बुद्धाला 'शिक्षक' म्हटले आहे. पुराणांनी त्याला असे म्हटलेले नाही. भागवतात तो देवांच्या शत्रूंना भुलवण्यासाठी येतो. जयदेव मात्र यज्ञातल्या पशुहत्येला नकार देणारा कारुण्यमूर्ती म्हणून त्याला वंदन करतो. महाराष्ट्राने तिसराच मार्ग काढला. अनेक शिल्पपटांत आणि जुन्या छापील पंचांगांत नवव्या जागी विठ्ठल उभा दिसतो, आणि जनाबाई, एकनाथांच्या अभंगांत विठ्ठलाला बौद्ध अवतार मानलेले आढळते. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या धाग्याचा मागोवा घेतला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोडच्या बुद्धविहारात बोलताना पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच असल्याचे मत मांडले होते. म्हणजे दोन टोकांची माणसे एकाच मूर्तीपाशी येतात. एक बुद्धाला विष्णूत आणतो, दुसरा विठ्ठलाला बुद्धाकडे परत नेतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असे निःसंदिग्धपणे सांगते. अकोल्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची मिरवणूक निघते तेव्हा निळ्या आणि पंचशील झेंड्यांखाली चालणाऱ्या हजारोंच्या घरी हे वाक्य पाठ असते. त्यांच्यासाठी नवव्या गाण्याची जागा हा तपशिलाचा प्रश्न नाही, ओळखीचा आहे. बुद्धाची गाणी त्यांच्याकडे भरपूर आहेत. वामनदादा कर्डकांनी आणि जलशांनी ती घरोघरी पोचवली. दहाच्या रांगेत नववा म्हणून उभा असलेला बुद्ध त्या गाण्यांत नसतो. नवव्या गाण्याला संगीत कसेही असो, रांगेतली ही जागा आधी बोलून जाते. ज्या मित्राने मला अल्बम ऐकवला तो स्वतः बौद्ध घरातला. त्याला बँड आवडतो, पण नववे गाणे तो वगळून ऐकतो. मी त्याला कारण विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

बँडवर ठपका ठेवावा असे मला वाटत नाही. 'शिक्षक' हा शब्द त्यांनी निवडला यात आदरच आहे, आणि पुराणातल्या भुलवणाऱ्या बुद्धापेक्षा तो सत्याच्या कितीतरी जवळ आहे. तरी कीर्तनकार आख्यान लावण्याआधी समोर कोण बसले आहे हे पाहतो. ध्वनिमुद्रित अल्बमला ते दिसत नाही; तो कुठेही, कोणाच्याही कानात वाजतो.

कलाकृती म्हणून पाहिले तर मला राक्षसवधाच्या कथांपेक्षा शेवटचे गाणे अधिक पटले. वराह, नरसिंह यांच्या कथा या संगीताला शोभतात, पण त्यांचे शेवट आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. खांब फुटणार हे ठाऊक असताना कितीही गडगडाट केला तरी दचकायला होत नाही. कल्कीचे तसे नाही. शंभल गावात विष्णुयश नावाच्या ब्राह्मणाच्या घरी तो जन्मेल असे पुराणे सांगतात, आणि त्यांची सारी क्रियापदे भविष्यकाळातली आहेत. मराठीत कल्कीवर फारशी आख्याने नाहीत. कीर्तनकारही त्याच्यापाशी येऊन दोन ओळींत उरकतात. घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला हा दहावा पुरुष चित्रांत कायम अर्ध्या पावलावर थांबलेला असतो. ग्राउलचा खर्ज आणि सैल तारांचा जडपणा इतर नऊ कथांवर बाहेरून चढवल्यासारखा वाटला, इथे तो कथेच्या आतून येतो.