मोटारीची कटकट : पुढचा एक्सल घरी बदलताना



गळीत हंगाम आटोपला की ट्रॅक्टर, ट्रेलर, नांगर यांची डागडुजी निघते. त्याच रांगेत आता वस्तीवरची जुनी मोटारही येऊन बसली आहे. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तरी खताची पिशवी, दुधाची किटली आणि पाव्हणेमंडळी वाहायला ती अजून पुष्कळांच्या दारात उभी आहे. या गाडीची हमखास तक्रार म्हणजे वळण घेताना पुढच्या चाकातून येणारा 'कट-कट-कट' आवाज. हे काम घरी होते का, असे सभासद विचारतात. होते. दोन माणसे आणि एक अख्खा दिवस हाताशी ठेवावा. मात्र काम काय आहे ते आधी नीट समजून घ्यावे, मगच पान्याला हात घालावा.

या गाडीचे इंजिन पुढची चाके ओढते. म्हणजे पुढच्या चाकाला दोन कामे : फिरायचे आणि वळायचेही. गिअरबॉक्समधून निघालेला दांडा, ज्याला आपण एक्सल किंवा ड्राइव्ह शाफ्ट म्हणतो, त्याने चाक तिरके झाले तरी ताकद पोचवली पाहिजे. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला जसा क्रॉस असतो तसा इथे का चालत नाही? रोटाव्हेटर चालू ठेवूनच वर उचलला तर शाफ्ट कसा खडखडतो, ते आपण ऐकलेले आहे. क्रॉस तिरका झाला की पुढचा दांडा एकसारखा फिरत नाही; एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा सावकाश जातो. कोन ३० अंशांचा असेल आणि मागचा दांडा १०० च्या गतीने फिरत असेल, तर पुढच्याची गती ८७ ते ११५ यांच्यामध्ये सारखी हेलकावत राहते. असे चाक असते तर प्रत्येक वळणाला स्टिअरिंग हातात थडथडले असते.

यावर तोडगा निघाला तो १९२० च्या दशकात. अमेरिकेत फोर्ड कंपनीतील आल्फ्रेड झेपा या इंजिनिअरने सहा पोलादी गोळ्यांचा जॉइंट काढला. आत एक खोबणीचा लाडू, बाहेर खोबणीची वाटी आणि मध्ये जाळीत धरलेले सहा गोळे. दांडा कितीही तिरका झाला तरी गोळे आपोआप कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, म्हणून दोन्हीकडची गती सारखी राहते. सीव्ही जॉइंट म्हणतात तो हाच. इंग्लंडच्या १९५९ च्या मिनी गाडीने अशाच जॉइंटच्या जोरावर पुढची चाके ओढून दाखवली.

हा जॉइंट जिवाचा घट्ट आहे, पण त्याचा जीव आहे त्याच्यावरच्या रबरी बुटात. बुटात ग्रीस भरलेले असते. बूट फाटला की ग्रीस भिरकावून बाहेर आणि माती-पाणी आत. आपल्याकडे तर निमित्त लागतच नाही. तोडणी झालेल्या फडातून गाडी घातली की उसाचे बुडखे खालून टोचतात, पाचट गुंडाळले जाते, आणि पाण्याच्या पाळीच्या दिवसांत चिखल असतोच. म्हणून महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही चाकांच्या मागे वाकून पाहावे. चाकाच्या आतल्या अंगाला काळे ग्रीस उडालेले दिसले, तर समजावे बूट गेला.

इथेच पैशाचा खरा मुद्दा आहे. बूट फाटलाय पण आवाज नाही, अशा वेळी जॉइंट खोलून रॉकेल-डिझेलने धुवावा, पुसून कोरडा करावा, नवे ग्रीस भरून नवा बूट बसवावा, काम भागते. ग्रीस मात्र सीव्ही जॉइंटचे काळेच वापरावे, ट्रेलरच्या बेअरिंगचे पिवळे नव्हे. पण एकदा कटकट सुरू झाली म्हणजे खोबणीत खड्डे पडले. त्यावर नवा बूट चढवणे म्हणजे किडक्या दाढेला चांदीची टोपी. तो जॉइंट बदलायलाच हवा.

आवाज कुठला, हेही ओळखावे. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. कटकट वाजली तर बाहेरचा जॉइंट. बहुतेक वेळा उजवीकडे वळताना वाजला तर दोष डाव्या बाजूला असतो, कारण वळणात भार त्या चाकावर येतो; तरी बूट पाहून खात्री करावी. सरळ रस्त्यावर गती घेताना गाडी थरथरत असेल तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट पाहावा. आणि गतीबरोबर वाढत जाणारी एकसुरी घरघर असेल तर ते चाकाचे बेअरिंग. त्यासाठी एक्सल बदलून उपयोग नाही.

आता काम. पहिली गोष्ट जागेची. काळ्या मातीत, उतारावर किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात जॅक लावू नये. कोब्यावर गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकेसुद्धा घालू नये. विटा रचून टेकू देणारे पुष्कळ आहेत; वीट दाबाखाली फुटते आणि फुटताना सांगत नाही. लोखंडी स्टँड नसतील तर गॅरेजवाल्याकडून दिवसापुरते आणावेत. या एका बाबतीत काटकसर नको.

हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. कॉटर पिन सरळ करून काढावी, एकाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने पान्याला लांब पाइप लावावा. गाडी उचलल्यावर याच नटाशी झटापट केली तर ती स्टँडवरून सरकते. मग गाडी चढवून चाक काढावे आणि गिअर ऑइल स्वच्छ भांड्यात उतरवावे. (जुने ऑइल ओढ्यात किंवा पाटात ओतू नये राव, ते पाणी पुढच्या गावात जाते.)

त्यानंतर खालच्या आर्मचा बॉल जॉइंट मोकळा करायचा. त्यासाठी स्टॅबिलायझर बारच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करावे लागतात. हब बाहेर ओढला की एक्सलचे टोक त्यातून निसटते. अडले तर नट आट्यावर टोकाशी सपाट बसवून लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकावे. उघड्या आट्यावर घण घातला तर आटे बसतात आणि काम दुप्पट होते. हब मोकळा लोंबकळू देऊ नये, ब्रेकच्या पाइपाला ताण बसतो.

आतले टोक दांडा धरून ओढू नये. जॉइंट आतल्या आत सुटतो. जॉइंटचा डबा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टायर लिव्हर घालून एकच झटका द्यावा, क्लिप सुटते. नवा एक्सल बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून पाहावा : लांबी, दात, दोन्ही टोके. डावा-उजवा सारखे नसतात. गिअरबॉक्सचे ऑइल सील नवे घालणे चांगले, ते स्वस्त आहे. त्याच्या ओठाला ग्रीस लावावे आणि एक्सलचे दात त्यावर घासू न देता सरळ आत घालावेत. क्लिप बसल्याचा टक् आवाज हाताला कळतो. डबा धरून हलके ओढून पाहावे, येता कामा नये.

सगळे उलट क्रमाने जोडावे. हबचा नट आधी बेताचा आवळून, गाडी खाली टेकवून मग पूर्ण आवळावा, आणि गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने. अंदाजाने नको. ढिला राहिला तर बेअरिंग जाते, फार आवळला तरी तेच. कॉटर पिन नवी. एक्सल काढलेला असताना गाडी चाकावर टेकवून ढकलू नये. गिअर ऑइल पातळीच्या भोकापर्यंत भरावे. हे विसरून गाडी सुरू केली तर एक्सलचे वाचलेले पैसे गिअरबॉक्सला जातील.

नट गंजून बसला असेल, किंवा बॉल जॉइंट काही केल्या सुटत नसेल, तर गॅसची ज्योत लावू नये. तिथेच थांबून मेकॅनिकला बोलवावे. अर्धे काम झालेले असल्याने त्याची मजुरीही कमी पडते.

भंगार बाजारातला एक्सल घ्यायचा झाला तर बूट मागे सरकवून ग्रीस बोटावर घेऊन पाहावे. खरखर लागली तर परत ठेवावा. बसवल्यावर ५० किलोमीटर गेले की चाकाचे नट पुन्हा आवळावेत आणि बुटाच्या पट्ट्या पाहाव्यात. आणि काढलेला जुना एक्सल लगेच भंगारात देऊ नये. बाहेरचा जॉइंट गेलेला असला तरी आतला बहुधा शाबूत असतो. पुसून, ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावा.