उसाच्या दरावरचा आयकर नक्की कोणावर होता?

‘शेतकऱ्यावर आयकर लादला’, ‘आम्ही तो माफ केला’. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात असं भाषण ऐकलं, तर आधी एक विचारा: नोटीस कोणाला आली होती? कारखान्याला. शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त आहे, त्यामुळे ऊसबिलावर शेतकऱ्याला हा कर नव्हताच.

वाद वेगळा होता. सहकारी कारखाने केंद्राच्या किमान दरापेक्षा जास्त दर देत. कारखाने म्हणत, हा ऊसखरेदीचा खर्च. आयकर खातं म्हणे, ही सभासदांना केलेली नफ्याची वाटणी, कर भरा. तासगाव कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मधला मार्ग काढला: जादा दरात जेवढा नफ्याचा वाटा, तेवढाच खर्चात धरायचा नाही.

मग 2023 च्या अर्थसंकल्पात 2016-17 पूर्वीचा जादा दर खर्चात दाखवायची मुभा मिळाली. सरकारच्या अंदाजाने सवलत सुमारे 10,000 कोटींची. पण तीही सरसकट माफी नव्हे. सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापुरतीच, आणि कारखान्याने अर्ज केला तर.

‘मग शेतकऱ्याचा काय संबंध?’ हेही अर्धसत्यच. कारखाना सभासदांचाच, वसुली झाली असती, तर तिची झळ पुढच्या हंगामाच्या दराला बसली असती.