रिपोर्टमधला ‘कायमेरा’

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाल्यावर काही आठवड्यांनी रुग्णाच्या हाती ‘कायमेरिझम’चा रिपोर्ट येतो. घरातले कोणीतरी मोबाइलवर शब्द शोधते आणि समोर येतो आग ओकणारा राक्षस; पुढून सिंह, मध्ये बकरी, मागे साप! मग घाबरून प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, हे काय नवीन?’’

कायमेरा हा ग्रीक पुराणातला प्राणी. मूळ शब्दाचा अर्थ साधाच, बकरी. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभही असाच संमिश्र. इंग्रजीत पुढे कायमेरा म्हणजे अशक्य कल्पना, असाही अर्थ रूढ झाला. १९०७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी कलमातून तयार झालेल्या, दोन वनस्पतींच्या पेशी असलेल्या रोपाला हे नाव दिले.

वैद्यकशास्त्रात अर्थ असा : एका शरीरात दोन जीवांच्या पेशी. १९५३ मध्ये ब्रिटनमधल्या एका महिलेच्या रक्तात ‘ओ’ आणि ‘ए’ असे दोन रक्तगट आढळले. तान्हेपणी वारलेल्या जुळ्या भावाच्या पेशी तिच्यात वाढत होत्या. गर्भातल्या बाळाच्या मोजक्या पेशी आईच्या रक्तात तब्बल २७ वर्षांनंतरही सापडल्या आहेत. यात आजार काही नाही.

ट्रान्सप्लांटनंतरचा रिपोर्ट एवढेच सांगतो, की रक्तातल्या किती पेशी दात्याच्या आणि किती रुग्णाच्या. रक्ताच्या कर्करोगात ‘दाता १०० टक्के’ ही चांगली बातमी. हा आकडा घसरू लागला, तर आजार परतण्याची किंवा नवा मॅरो न रुजण्याची शक्यता तपासावी लागते. थॅलेसेमियात मात्र संमिश्र प्रमाणही अनेकदा पुरते.

दात्याचा रक्तगट वेगळा असेल, तर रुग्णाचा रक्तगटही बदलतो. रक्ताच्या डीएनए चाचणीत दात्याचा डीएनए दिसतो. म्हणून रक्त चढवण्यापूर्वी किंवा अशी चाचणी करताना ट्रान्सप्लांट झाल्याचे आवर्जून सांगा.

‘कार-टी’ उपचारातल्या ‘कार’चे पहिले अक्षरही याच शब्दाचे. तिथे मात्र पेशी रुग्णाच्याच. त्यांच्यावर बसवलेला, वेगवेगळे भाग जोडून घडवलेला रिसेप्टर तेवढा संमिश्र. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून विकसित झालेल्या अशा उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

तेव्हा हा शब्द दिसला, की डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा : पेशी कोणाच्या, किती टक्के आणि मागच्या वेळेपेक्षा वाढल्या की घटल्या?