दिवसाला चार मिनिटे
लेखमाला : लांब पल्ल्याची पावले – भाग सहावा

मागच्या भागात आपण शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीचा हिशेब मांडला होता. शेगाव ते पंढरपूर हे सातशे किलोमीटरहून अधिक अंतर पालखी महिनाभरापेक्षा थोड्या जास्त दिवसांत, रोज वीस-बावीस किलोमीटर चालत कापते. तो भाग वाचून यवतमाळजवळच्या कळंबमध्ये पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी विचारले, की एवढेच अंतर कुणी शर्यतीसारखे कापायचे ठरवले तर? प्रश्न चांगला आहे. जगात असे करणारे लोक आहेत, त्यांचे विक्रम नोंदले जातात आणि ते मोडण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे तयारी करतात. भरतीच्या मैदानावर 1600 मीटरला सेकंदासेकंदाची किंमत असते. इथे घड्याळ चाळीस-पन्नास दिवस अखंड चालू राहते, माणूस झोपला तरीही.

अशा विक्रमांसाठी सर्वात गाजलेली वाट म्हणजे अमेरिकेची अॅपलाचियन ट्रेल. बेंटन मॅके यांनी 1921 मध्ये तिची कल्पना मांडली आणि 1937 मध्ये ती पूर्ण जोडली गेली. दक्षिणेला जॉर्जियातला स्प्रिंगर डोंगर, उत्तरेला मेनमधला कटाडिन, मध्ये चौदा राज्ये आणि सुमारे 3,500 किलोमीटरची डोंगरवाट. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला अर्ल शेफर 1948 मध्ये ती एका दमात चालून गेला, त्याला चार महिने लागले. 1955 मध्ये एमा गेटवूड या 67 वर्षांच्या आजी साधे कापडी बूट घालून, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी टाकून एकट्याच ती वाट चालल्या. आजही बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात.

आता विक्रमांकडे येऊ. 2011 मध्ये जेनिफर फार डेव्हिस यांनी ही वाट 46 दिवस, 11 तास, 20 मिनिटांत पूर्ण केली. चार वर्षांनी स्कॉट ज्युरेक या नामवंत धावपटूने 46 दिवस, 8 तास, 7 मिनिटांची वेळ नोंदवली. दोघांत फरक 3 तास 13 मिनिटांचा, म्हणजे 193 मिनिटांचा. ती 46 दिवसांवर वाटली तर दिवसाला चार मिनिटे आणि काही सेकंद येतात. साडेतीन हजार किलोमीटरचा विक्रम रोजच्या चार मिनिटांत मोडला! बुटाची नाडी सोडून आत गेलेला खडा काढायचा आणि नाडी पुन्हा बांधायची, एवढ्यातच ती निघून जातात. शिवाय डेव्हिस मुख्यतः चालणाऱ्या आहेत आणि ज्युरेक धावणारा. पायांच्या वेगात दोघांची तुलनाच नव्हती, तरीही अंतर उरले ते एवढेसे.

या विक्रमांबद्दल मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. पल्ला जितका लांब, तितका निकाल पळण्याच्या वेगावरून सरकून थांबण्यांवर जातो. 2024 च्या सप्टेंबरमध्ये टारा डावर या तरुणीने हीच वाट 40 दिवस, 18 तास, 6 मिनिटांत संपवली. त्याआधीचा सर्वोत्तम विक्रम कारेल साबे या बेल्जियन दंतवैद्याचा होता, 2018 मधला, 41 दिवस, 7 तास, 39 मिनिटांचा. डावरने तो साडेतेरा तासांनी मोडला, आणि तोही महिला गटातला नव्हे, सर्वांमधला. रोजचे अंतर पडले सरासरी 87 किलोमीटर. कळंबहून यवतमाळला जाऊन यायचे आणि लगेच आणखी एकदा जाऊन यायचे, तर जवळपास तेवढे होईल. फक्त आपला रस्ता सपाट आहे आणि तिथे दिवसभर चढ-उतार. पण पूर्ण वेळेने भागून पाहा: झोप धरून ताशी 3.6 किलोमीटर. दिवसातले सोळा-सतरा तास पाय हलत राहिले असे धरले, तर ताशी पाच-साडेपाच. हा झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. तो रोज सोळा तास आणि चाळीस दिवस टिकवणे, यातच सगळी कसोटी आहे.

म्हणून विक्रम करू पाहणारा खायला बसत नाही, चालता चालता खातो. शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तेवढी पोट पचवू शकत नाही, त्यामुळे वजन उतरत जाते, आणि एक वेळचे खाणे चुकले तरी दुसऱ्या दिवशी पाय जड पडतात. पाऊल सुजते, म्हणून मोठ्या मापाचे बूट आधीपासून तयार ठेवतात. फोडाची सुरुवात जाणवताच पट्टी लावावी लागते. तिथे वाचवलेली दोन मिनिटे पुढे दोन तास खातात. झोप कमी केली की सुरुवातीला फायदा दिसतो, पण पंधरवड्याने चाल मंदावते, वाट चुकते, डोळ्यांना नसलेली माणसे दिसू लागतात. किती थांबायचे हे ठरवायला जाणकार लागतो, आणि थकलेल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. डेव्हिस यांच्या पोटऱ्यांपुढच्या नळ्या सुरुवातीलाच दुखावल्या होत्या, आजारपणही आले. सोडून द्यायच्या विचारात असताना त्यांना पुढे नेले ते त्यांचे पती ब्रू यांनी. ज्युरेकच्या 2015 च्या प्रयत्नात कार्ल मेल्त्झर हा दुसरा धावपटू मदतीला गेला होता. पुढच्याच वर्षी मेल्त्झरने ज्युरेकचा विक्रम मोडला, तेव्हा शेवटच्या टप्प्यात त्याच्या सोबतीला ज्युरेक स्वतः होता. आपला विक्रम मोडणाऱ्याला पाणी देणारा माणूस मला विक्रमाहून मोठा वाटतो.

मदतीवरूनच या विक्रमांचे तीन प्रकार पडतात. पहिल्यात सोबत चमू असतो: गाडी, जेवण, अंथरूण, पट्टी सगळे पुढच्या ठिकाणी तयार. दुसऱ्यात स्वतःचा माणूस कुणी नाही, पण वाटेतल्या दुकानातून घेतलेले किंवा आधी टपालाने पाठवून ठेवलेले सामान चालते, म्हणजे जे कुणालाही मिळू शकते तेवढेच. तिसऱ्यात नदी-झऱ्याचे पाणी सोडून सगळे पहिल्या पावलापासून पाठीवर. तिन्ही नोंदी वेगळ्या ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पंच, शिट्टी, फीत असे काही नसते. पूर्वी शब्दावर विश्वास ठेवत. आता आधी जाहीर करून निघायचे, जीपीएसची पूर्ण नोंद द्यायची आणि उपग्रहाशी जोडलेला दर्शक सर्वांना पाहता येईल असा चालू ठेवायचा, अशी अपेक्षा असते.

आपल्याकडे जवळचे उदाहरण पुण्याच्या मिशेल काकडे यांचे आहे. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन, जवळपास 6,000 किलोमीटर, त्यांनी 2011-12 मध्ये 193 दिवसांत पायी पूर्ण केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अजमेरच्या सूफिया खान यांनी 2020-21 मध्ये तोच चतुष्कोन 110 दिवस, 23 तास, 24 मिनिटांत पुरा केला. रोजची सरासरी 31 वरून 54 किलोमीटरवर गेली. काकडे यांनी वाट घालून दिली नसती तर मोजायला पट्टीच नव्हती, हे इथे विसरू नये. विदर्भापुरते सांगायचे तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,900 किलोमीटरची शर्यत सायकलवर एकट्याने पूर्ण केली. वाहन वेगळे, पण झोपेचे आणि थांब्यांचे गणित तेच.

मग डोंगरवाटेवरचा असा विक्रम महाराष्ट्रात का रुजलेला नाही? माणसे कमी नाहीत. सह्याद्रीत घाटवाटा, गड आणि ते पावसात तुडवणारी मुले भरपूर आहेत. अडचण वाटेची आहे. विक्रमाला दोन्ही टोके ठरलेली आणि मधली रेघ पक्की असलेली, कोणालाही पुन्हा तशीच चालता येईल अशी वाट लागते. पन्हाळा ते विशाळगड ही त्या जवळ जाणारी: 1660 च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज ज्या रात्री निसटले त्या मार्गाने आज हजारो लोक चालतात. पण तिथले लोक एका स्मरणासाठी चालतात, आणि पावसाळ्यात त्या चिखलात घड्याळ लावून धावणे मला धोक्याचे वाटते.

नर्मदा परिक्रमेबद्दल तर माझे मत पक्के आहे. अंतर जवळपास अॅपलाचियन ट्रेलएवढे, मराठी परिक्रमावासीही पुष्कळ. पण परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. चातुर्मासात एका जागी राहायचे, नदी ओलांडायची नाही, तिला उजव्या हाताला ठेवायचे. म्हणजे परिक्रमेचा काळ डावरच्या वेळेच्या जवळपास तीसपट. शिवाय धरणांच्या पाण्याने जुनी वाट जागोजागी बुडाली आहे, त्यामुळे एकाची वेळ दुसऱ्याच्या वेळेशी लावताही येणार नाही. व्रताचा मार्ग आहे, तो तसाच राहू द्यावा. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला पायी येणाऱ्यांनाही कुणी वेळ विचारत नाही.

विचारणाऱ्या मुलांसाठी एक प्रयोग. नागपूर-तुळजापूर महामार्गावर नको, तिथे वाहनांचा वेग जिवावर बेतेल. एखादा गावरस्ता घ्या आणि पहाटे वीस किलोमीटर चाला. घड्याळ सुरू केले की शेवटपर्यंत बंद करायचे नाही: पाणी प्यायला, बूट सैल करायला, गप्पा मारायला थांबलात तरीही. प्रत्येक थांबा वहीत लिहा. पुढच्या रविवारी वेग तोच ठेवून फक्त थांबे कमी करा आणि दोन्ही वेळा शेजारी मांडा. उन्हाळ्यात हे करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आपले दिवस.

पुढील भागात : पायाला फोड का येतात आणि वारकरी त्यावर काय करतात.